पाटी नको, गतिरोधक हवा

२७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी ‘डिजिटल अरेस्ट’पासून, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या अटकेच्या फसवणुकीपासून, वाचायच्या तीन पायऱ्या सांगितल्या: थांबा, विचार करा, मग कृती करा. त्यानंतर कितीतरी महिने फोन लावला की आधी कॉलर ट्यून सावध करायची आणि मग रिंग जायची. बँकांचे एसएमएस, एटीएमवरचे स्टिकर, सोसायटीच्या नोटीस बोर्डावरची पोलिसांची पत्रकं, सगळीकडे हाच सूर. सल्ल्यात चूक काहीच नाही. अडचण एवढीच की डोक्याच्या ज्या भागाने तो पाळायचा, तो भाग नेमका त्याच वेळी कामावर नसतो.

घाटाच्या तोंडाशी ‘अति घाई, संकटात नेई’ ही पाटी आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत. ती वाचून वेग कमी करणारा ड्रायव्हर विरळा. रस्त्यावर पट्ट्यांचे गतिरोधक आले की मात्र सगळ्यांचाच पाय ब्रेकवर जातो, घाईत असलेल्याचाही आणि पेंगुळलेल्याचाही. फसवणुकीविरुद्धची आपली मोहीम बरीचशी पाट्या लावण्यावर भागली आहे. मेंदूविज्ञान खरोखर मनावर घ्यायचं तर गतिरोधक बँकेच्या दारात बांधावे लागतील, आणि ते बांधायची जबाबदारी बँकांवर आणि रिझर्व्ह बँकेवर असावी लागेल. घाबरून अर्धमेल्या झालेल्या माणसावर ती टाकण्यात अर्थ नाही.

फोनवर काय घडतं ते आधी क्रमाने पाहू. पहिला फोन साधाच असतो. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून गुन्हा झाला, किंवा तुमचं खातं मनी लाँडरिंगच्या केसमध्ये आलं. थोड्याच वेळात तो ‘पोलिसां’कडे जोडला जातो आणि व्हिडिओ कॉल सुरू होतो. समोर गणवेश, मागे पोलीस ठाण्याचा देखावा, वॉकीटॉकीची खरखर. राजमुद्रा छापलेलं वॉरंट व्हॉट्सॲपवर येतं. मग अटी: कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचं नाही, घरात कुणाला सांगायचं नाही, सांगितलंत तर तेही आरोपी. पैशाचा विषय बराच उशिरा निघतो, आणि तोही मागणी म्हणून नाही, ‘पडताळणी’ म्हणून. रक्कम अमुक ‘सरकारी खात्यात’ ठेवा, तपास संपला की परत मिळेल. आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही, व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक होत नाही. निवांत बसलेले असताना हे बहुतेकांना कळतंही.

वर्धमान समूहाचे एस. पी. ओसवाल पद्मभूषण आहेत, एवढा मोठा कापड उद्योग चालवलेले. २०२४ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांना व्हिडिओवर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवली गेली, सरन्यायाधीशांच्या नावाने आदेश निघाला आणि ७ कोटी रुपये गेले. त्यातले सव्वापाच कोटी पोलिसांनी परत मिळवले, हे त्यांचं नशीब. मुंबईत २०२५ मध्ये एका ७२ वर्षांच्या व्यावसायिकाकडून पन्नासेक दिवसांत ५८ कोटी रुपये काढले गेले. व्यवहार करण्यातच ज्यांची हयात गेली, अशी ही माणसं. तेव्हा ‘लोक एवढे भोळे कसे?’ हा चहाच्या टेबलावरचा प्रश्न जरा बाजूला ठेवावा.

कपाळाच्या मागे, दोन्ही बाजूंना जरा वरच्या अंगाला, प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा एक भाग आहे. तिथल्या पेशी एकमेकींना सतत डिवचत राहून एखादी गोष्ट मनात तेवत ठेवतात. समोर दिसत नसलेलं काही धरून ठेवणं हे त्यांचं काम: ‘पोलीस असं फोनवर पकडत नाहीत’, ‘आधी मुलीला विचारू’, ‘हे खातं कुणा खासगी माणसाच्या नावाचं का?’ ही चालू स्मृती मुळातच तोकडी, एका वेळी तिच्यात साधारण चार गोष्टी मावतात. येल विद्यापीठाच्या एमी आर्नस्टेन यांनी हे जाळं कशाने चालतं आणि कशाने बंद पडतं यावर अनेक वर्षं काम केलं आहे. नॉरॲड्रेनलिन हे मेंदूला सावध करणारं रसायन बेताचं असताना ते उत्तम चालतं. ताण चढून नॉरॲड्रेनलिन आणि डोपामिन यांचा पूर आला की त्याच पेशींवरचे पोटॅशियमचे दरवाजे उघडतात, पेशींमधला आपसातला संवाद तुटतो आणि ते तेवणं विझतं. कारभार ॲमिग्डला या भीती ओळखणाऱ्या भागाकडे आणि सवयी सांभाळणाऱ्या आतल्या भागांकडे जातो. हे भाग कुचकामी नाहीत. साप दिसल्यावर विचाराआधी पाय मागे येतो तो त्यांच्यामुळेच. पण समोरच्या धोक्यातून सगळ्यात जवळची वाट कोणती, यापलीकडे ते फारसं पाहत नाहीत. आणि फोनवरचा ‘इन्स्पेक्टर’ ती वाट आयती दाखवत असतो.

यातल्या दोन बारकाव्यांकडे सहसा लक्ष जात नाही. पहिला असा की कॉर्टेक्सचं हे बंद पडणं ताण किती मोठा यापेक्षा तो आपल्या हातात आहे की नाही, यावर जास्त अवलंबून असतं. घाटात बस चालवणाऱ्यालाही ताण असतो, पण स्टिअरिंग त्याच्या हातात असतं. डिजिटल अरेस्टमध्ये स्टिअरिंगच काढून घेतलेलं असतं. पाणी प्यायलाही परवानगी मागावी लागते. दुसरा वेळेचा. नॉरॲड्रेनलिन क्षणात चढतं, तर कॉर्टिसॉल हे दुसरं रसायन ताण सुरू झाल्यापासून वीस-तीस मिनिटांनी शिगेला पोचतं आणि ताण संपल्यावरही ओसरायला तास-दीड तास घेतं. त्यामुळे ‘पाच मिनिटं शांत बसा, दीर्घ श्वास घ्या’ हा उपाय इथे तोकडा पडतो. फोन चालूच असेल तर ती पाच मिनिटं मिळतच नाहीत, हा भाग वेगळाच.

त्यात जागरण. एका रात्रीची झोप गेली की हाच भाग आधी ढेपाळतो, आणि ही मंडळी रात्रभर कॅमेरा चालू ठेवायला लावतात ते उगाच नव्हे. त्यात पायरी पायरीने घेतलेला होकार: आधी नाव, मग आधारचे शेवटचे चार आकडे, मग बँकांची नावं, मग ठेवी किती. ज्याने चार गोष्टी दिल्या त्याला पाचवी नाकारणं जड जातं. आणि सगळ्यावर कडी म्हणजे एकटं पाडणं. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या १९६० च्या दशकातल्या प्रयोगांत, प्रयोगशाळेचा कोट घातलेल्या माणसाच्या हुकमावरून दुसऱ्याला विजेचे (खोटे) झटके देत शेवटपर्यंत जाणारे लोक ६५ टक्के निघाले, हे पुष्कळांनी ऐकलेलं असतं. त्याच मालिकेतला दुसरा आकडा माझ्या मते अधिक कामाचा. शेजारी बसलेल्या दोघांनी हुकूम मानायला नकार दिला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे ४० पैकी फक्त ४ राहिले. भामट्यांना हे ठाऊक आहे. म्हणून ‘कुणाला सांगू नका’ ही अट पैशाच्या आधी येते.

इथे थोडं सावध व्हायला हवं, कारण ‘मेंदू’ हा शब्द चिकटवला की आपल्याकडे काहीही खपतं. बोटांच्या ठशांवरून मुलाने सायन्स घ्यावं की कॉमर्स हे सांगणारी डीएमआयटी चाचणी आणि डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चे वर्ग, यांवर महाराष्ट्रातल्या पालकांनी हजारो रुपये मोजले, दोन्हींना शास्त्राचा आधार नाही. चांगल्या नियतकालिकांत छापून आलेलंही सगळं टिकलेलं नाही. इच्छाशक्ती बॅटरीसारखी संपते, ही गाजलेली कल्पना २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून जास्त लोकांवर पुन्हा तपासली, तर परिणाम शून्याच्या आसपास निघाला. जेवणाच्या सुट्टीआधी इस्रायलमधले न्यायाधीश पॅरोल नाकारतात, या २०११ च्या अभ्यासाचं तेच: वकील नसलेल्या कैद्यांची प्रकरणं सत्राच्या शेवटी घेतली जात, हे नंतर पुढे आलं. व्हॉट्सॲपवर फिरणारी, आपल्या मेंदूच्या आत ‘सरपटणाऱ्या प्राण्याचा मेंदू’ दडलाय ही कल्पना तर शास्त्रज्ञांनी केव्हाच मोडीत काढली आहे. आर्नस्टेन यांचं पेशींच्या पातळीवरचं कामही मुख्यतः प्राण्यांवरचं आहे. पण तीव्र ताणात माणसाची चालू स्मृती आणि लवचीक विचार घसरतो, हे माणसांवरच्या प्रयोगांतूनही पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आपल्या युक्तिवादाला एवढा पाया पुरतो.

आता पाट्यांकडे वळू. ॲपमध्ये पैसे पाठवताना ‘सावधान! अनोळखी व्यक्तीला पैसे पाठवू नका’ अशी चौकट येते, आणि बोट आपोआप ‘पुढे’वर जातं. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या गटाने असे इशारे दाखवत लोकांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. तोच इशारा दुसऱ्यांदा दिसल्यावरच दृश्य वाचणाऱ्या भागांतला प्रतिसाद एकदम खाली आला. म्हणजे इशारा वाचून दुर्लक्ष होत नाही, तो मुळात धड वाचलाच जात नाही. त्याच गटाच्या दुसऱ्या प्रयोगात, लोक एक कोड दुसरीकडे टाकत असताना मध्येच इशारा आला तेव्हा ८७ टक्के लोकांनी त्याकडे पाहिलं नाही. कोड टाकत असताना! ओटीपीच्या पडद्यावर लाल अक्षरांत सूचना छापणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावून ठेवावा.

घरचा पुरावाही आहे, तोही मोठा. शेअर बाजारातल्या फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढे भाव किती होईल यावरच्या करारांत, दहातले नऊ जण बुडतात, ही सूचना दलालांनी ग्राहकाला लॉगिन करतानाच दाखवावी, असा नियम शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने १ जुलै २०२३ पासून आणला. लोकांनी ती चौकट रोज पाहिली, रोज बंद केली. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीचाच अभ्यास आला: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींहून अधिक. मग सेबीने पाटी सोडून रस्ता बदलायला घेतला. नोव्हेंबर २०२४ पासून कराराची किमान किंमत ५ ते १० लाखांवरून १५ लाखांवर नेली, आठवड्याला संपणारे करार प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकापुरते ठेवले. डिसेंबर २०२४ ते मे २०२५ या काळात या बाजारातल्या व्यक्तींची संख्या आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा २० टक्क्यांनी कमी झाली. राहिलेल्यांचं नशीब बदललं नाही. २०२४-२५ मध्येही ९१ टक्के बुडालेच. पण खेळायला येणारे कमी झाले ते रस्ता बदलल्यावर, पाटीने नाही.

बँकेच्या शाखेत यातलं काय करता येईल? काउंटरवरचा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. सकाळी अकराला एक काकू येतात. हातात पासबुक, दोन मुदतठेवींच्या पावत्या, आरटीजीएसचा फॉर्म अर्धा भरलेला. मुदतीआधी ठेव मोडली तर व्याज कापलं जाईल, हे सांगितल्यावर ‘चालेल’ म्हणतात; एरवी पाव टक्क्यासाठी तीन बँका फिरलेल्या असतात. फोन पर्समध्ये नाही, ब्लाउजच्या खिशात किंवा हातात उलटा धरलेला. लाइन चालू आहे, पलीकडचा ऐकतो आहे. कारकून विचारतो, ‘काकू, कशासाठी एवढे?’ उत्तर तयार असतं: ‘भाचीचं लग्न’ किंवा ‘फ्लॅट घेतोय’. हे पढवून पाठवलेलं असतं. ‘कुणी फसवत तर नाही ना?’ असं विचारलं तर ‘नाही हो’. मग कारकून ‘मला सर्व धोके समजावून सांगितले आहेत’ अशा छापील मजकुराखाली सही घेतो आणि फॉर्म पुढे ढकलतो. त्या सहीने कोण वाचलं ते उघड आहे.

चूक प्रश्नाच्या घडणीत आहे. ज्याचं उत्तर पढवता येतं असा प्रश्न विचारून उपयोग नाही, आणि पलीकडच्याला ऐकू जाईल असा तर नाहीच. प्रश्न कागदावर हवा. मोठ्या अक्षरांत, मराठीत, चारच ओळी, हो-नाहीच्या चौकटी: फोन आत्ता चालू आहे का? कुणाला सांगू नका असं कुणी सांगितलंय का? पैसे घेणाऱ्याला प्रत्यक्ष भेटलात का? तो पोलीस किंवा अधिकारी असल्याचं म्हणाला का? चारच, कारण घाबरलेल्या डोक्यात पाचवी मावत नाही. भेटलात का याला ‘नाही’, किंवा बाकी तिन्हींपैकी एकालाही ‘हो’ आल्यावर, काउंटरवरून उठवून मॅनेजरच्या केबिनमध्ये बसवायचं, फोन बंद करून टेबलावर ठेवायला सांगायचं, पाणी द्यायचं, आणि किमान अर्धा तास फॉर्मचा विषय काढायचा नाही. ‘तुम्ही फसताय’ हे वाक्य या अर्ध्या तासात बोलू नये. ते त्या माणसाला आणखी एक आरोप वाटतो आणि तो फोनवरच्या ‘साहेबा’च्या बाजूला जाऊन बसतो. ‘आमच्या नियमात बसत नाही, उद्या करू’ हे चालतं. नियमाशी वाद घालायची आपल्याला सवय असते, पण त्याने अपमान वाटत नाही. ब्रिटनमध्ये बँका आणि पोलीस यांच्यात अशी ठरलेली पद्धत आहे: काउंटरवर संशय आला की बँक थेट पोलिसांना फोन करते आणि पोलीस शाखेत येतात. आपल्याकडेही सावध कर्मचाऱ्यांनी असे व्यवहार रोखल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. त्या बातम्या ठरतात, यातच गोम आहे.

शाखेबाहेरचं, म्हणजे मोबाइलवरचं, काय? एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालतं. वेग ही आपली कौतुकाची गोष्ट आहे आणि ते कौतुक खोटंही नाही. पण तो वेग भामट्यालाही तेवढाच मिळतो. एका भाड्याच्या खात्यात आलेली रक्कम काही मिनिटांत दहा-वीस खात्यांत फुटते आणि तिथून रोख किंवा क्रिप्टो होते. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार करायला जो ‘सोन्याचा तास’ म्हणतात, तो बहुतेक वेळा त्या माणसाला अजून फसलोय हेच कळलेलं नसताना निघून जातो.

म्हणून थांबा पैसे निघण्याआधी हवा, आणि तो सगळ्यांना नको, नेमक्या जागी हवा. वय हा निकष लावू नये. तो अपमानकारक आहे आणि चुकीचाही, कारण चाळिशीतले इंजिनीअरही यात सापडतात. नुसती रक्कमही नको. तीन लाख शिल्लक असलेल्याचे पावणेदोन लाख गेले तर तो जास्त बुडाला. निकष प्रमाणाचा असावा: पूर्वी कधीही पैसे न पाठवलेल्या खात्यात, खातं आणि ठेवी मिळून एकूण शिलकीच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त रक्कम चालली असेल, किंवा गेल्या ४८ तासांत ठेव मोडून तो पैसा नव्या खात्याकडे निघाला असेल. अशी रक्कम २४ तास पाठवणाऱ्याच्याच बँकेत अडकून राहावी आणि तेवढ्या वेळात एका फोनवर रद्द करता यावी. तुकडे करून पाठवायची युक्ती दुसऱ्याच दिवशी निघेल, म्हणून हिशोब सात दिवसांच्या एकूण रकमेचा धरावा. इस्पितळं, सरकारी कोषागारं, कर, न्यायालयाचं शुल्क, आधी पडताळलेली संस्थांची खाती यांना वगळावं. नव्या फोनवर यूपीआय सुरू केलं की पहिले २४ तास ५,००० रुपयांची मर्यादा असते, ती आपण कुरकूर न करता पाळतोच.

पण २४ तास एकटेच पुरणार नाहीत, हे कबूल करायला हवं. जो माणूस पन्नास दिवस कॅमेऱ्यासमोर बसला, तो आणखी एक दिवस बसेल. थांब्याचा उपयोग त्या वेळात कुणी दुसरं आत शिरलं तरच. म्हणून खातं उघडताना किंवा केवायसी करताना ग्राहकाने एक ‘दुसरा माणूस’ नेमावा, आणि असा व्यवहार अडकला की त्याच्या फोनवर बँकेचा फोन जावा. नुसता एसएमएस नको. इथे आपल्या घरांची रीत ओळखूनच नियम लिहावा लागेल. पुष्कळ बायकांचे पैसे भामट्यांपेक्षा घरच्यांपासूनच जपावे लागतात, आणि आईच्या ठेवीवर डोळा असलेला मुलगा ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. तेव्हा या दुसऱ्याला नकाराधिकार नको, शिल्लक कळता कामा नये. त्याला फक्त एवढंच कळावं की मोठी रक्कम नव्या ठिकाणी चालली आहे, एकदा बोलून घ्या. तो नातेवाईकच असावा असंही नाही. मैत्रीण, जुना सहकारी, ओळखीचा वकील, कुणीही. आणि नाव बदलायलाही २४ तास लागावेत, नाहीतर भामटा ते आधी बदलायला लावेल.

‘माझा पैसा, मी ठरवीन, बँक कोण?’ हा आक्षेप मला गंभीर वाटतो. उत्तर असं की इथे निर्णय काढून घेतला जात नाही, एक दिवस पुढे जातो. आणि विम्याच्या बाबतीत आपण हे केव्हाच मान्य केलं आहे. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, कारण एजंटसमोर बसून केलेली सही आणि घरी जाऊन केलेला विचार यांत फरक असतो. ब्रिटनने ऑक्टोबर २०२४ मध्ये, फसवणुकीचा सबळ संशय असेल तर व्यवहार आणखी ७२ तासांपर्यंत रोखायची मुभा बँकांना दिली. सिंगापूरने १ जुलै २०२५ पासून त्याहून पुढचं पाऊल टाकलं. माणूस ऐकतच नसेल तर पोलीस त्याच्या खात्यावर सुरुवातीला ३० दिवसांपर्यंत बंधन घालू शकतात. सिंगापूरचा मार्ग आपल्याकडे नको असं मला वाटतं, पोलिसांच्या हातात खातं गोठवायचं आणखी एक हत्यार देण्याआधी दहादा विचार करावा. बँकेच्या हातातला २४ तासांचा थांबा त्या मानाने फार सौम्य आहे.

नियम येईल तेव्हा येईल. घरात आजच करण्याजोगं काही आहे, आणि ते डोकं थंड असतानाच करावं लागतं. नेट बँकिंगची रोजची मर्यादा बँकेने दिलेली असते तेवढी ठेवायची गरज नसते; महिन्याचा सगळ्यात मोठा खर्च बघून ती खाली आणावी. ठेवी रोजच्या ॲपला जोडलेल्या नसलेल्या दुसऱ्या बँकेत ठेवाव्यात, म्हणजे मोडायला शाखेत जावं लागेल. आणि ‘सावध राहा’ असं मोघम ठरवण्यापेक्षा एकच वाक्य पाठ करावं: फोनवर कुणी ‘कुणाला सांगू नका’ म्हणालं, की मी फोन ठेवून अमक्याला फोन लावणार. ‘असं झालं तर मी तसं करीन’ या साच्यात आधी ठरवून ठेवलेली कृती मोघम निश्चयापेक्षा बरीच जास्त वेळा प्रत्यक्षात उतरते; ९४ चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात हे दिसलं आहे. कारण त्या वाक्याला विचार लागत नाही, खूण दिसली की ते सवयीसारखं सुटतं. विझलेल्या कॉर्टेक्सला वळसा घालणारी ही वाट आहे. ते वाक्य मनात म्हणून चालणार नाही, आजीकडून दोन-चारदा मोठ्याने म्हणवून घ्यावं, फोन ठेवायची प्रत्यक्ष तालीम करावी.

तरीही हे सगळं घरच्यांच्या दक्षतेवर सोडणं मला पटत नाही, आणि त्याचं कारण पैशात आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला संरक्षण दिलं ते ‘अनधिकृत’ व्यवहारांसाठी. त्रयस्थाने परस्पर पैसे काढले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. डिजिटल अरेस्टमध्ये मात्र ओटीपी ग्राहकानेच टाकलेला, फॉर्मवर सही त्याचीच. कागदोपत्री संमती पक्की. ती संमती कशी होती हे बघायला आपल्याला नवं शास्त्रही लागत नव्हतं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १६ मध्ये, वय, आजार किंवा मानसिक-शारीरिक क्लेश यांमुळे ज्याची बुद्धी तात्पुरती बाधित झाली आहे, अशा माणसाचा उल्लेख आहे. दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांना जे सुचलं, ते पेमेंटच्या पडद्यांची आखणी करणाऱ्यांना सुचलेलं दिसत नाही. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून अशा फसवणुकीत ८५,००० पौंडांपर्यंतची भरपाई बँकांना द्यावी लागते: निम्मी पाठवणाऱ्या बँकेने, निम्मी ज्या बँकेत भामट्याचं खातं आहे तिने.

त्यातलं दुसरं ‘निम्मी’ आपल्याकडे आधी आणावं. १ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल अरेस्टच्या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला, पण तपास पैसे गेल्यावरचा. ज्या शाखेत नव्याने उघडलेल्या, महिनाभर दोन-चार हजार शिल्लक असलेल्या खात्यात दुपारी ४० लाख येतात आणि चहा संपायच्या आत सात ठिकाणी जातात, त्या शाखेच्या मॅनेजरला वीस लाखांचं पत्र येऊ द्या. त्याच्या कपाळामागचा भाग शाबूत असतो, झोप झालेली असते, आणि कुणी त्याला कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवलेलं नसतं.